बाबांच्या फोनमध्ये एपीके शिरलं, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई-बाबा दोघंच कर्वेनगरला, तुम्ही बंगळुरूला. बाबा ७१ वर्षांचे. ‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला गॅस बंद होईल’ असा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सोबत एक ‘एपीके’ फाइल. बाबांनी ती उघडली, इन्स्टॉलही केली, मग काहीतरी गडबड वाटून फोनच बंद करून ठेवला. पैसे गेलेले नाहीत. फोन टाकून द्यायचा का, अँटिव्हायरस कोणतं घ्यायचं, आणि बाबांचा स्मार्टफोन काढून घेऊन त्यांना साधा बटणांचा फोन द्यावा का, असं तुम्ही विचारताय. शेवटी एक ओळ लिहिली आहे, ‘मी त्यांना खूप बोलले’. तिच्याकडे नंतर येतो.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळ माझं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. २३ वर्षं झाली. पूर्वी लोक फुटलेला डिस्प्ले नाहीतर फुगलेली बॅटरी घेऊन यायचे. हल्ली आठवड्याला दोघं-तिघं तरी ‘फोन हॅक झालाय, जरा बघा ना’ म्हणत येतात. पुढचं सगळं त्या काउंटरवरून दिसलेलं आहे.

फोन बंद केला हे बाबांनी उत्तम केलं. बहुतेक जण पुढचा अर्धा तास त्याच फोनवर ‘काय झालं असेल’ ते शोधत बसतात. आता त्यातलं सिम काढून घरातल्या एखाद्या जुन्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे मेसेज तिकडे येतील. मग आईच्या फोनवरून बँकेला फोन करून कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग तात्पुरतं बंद करायला सांगा. दोन दिवसांनी परत चालू करता येतं, त्यात संकोच नको. नंबर डेबिट कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावायचा. गुगलवर शोधलेला लावायचा नाही.

हे ठासून सांगतोय कारण त्यात मी स्वतः पोळलो आहे. २०१९ मध्ये एका कुरिअरचं पार्सल अडकलं म्हणून कस्टमर केअरचा नंबर शोधला, वरच जो आला तो लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. ‘सर, पाच रुपये रीबुकिंग, मी स्क्रीनवर मदत करतो, हे छोटं ॲप घ्या.’ ते स्क्रीन शेअर करणारं ॲप होतं, हे मला, रोज दुसऱ्यांच्या फोनमधून तसली ॲप काढून देणाऱ्याला, माहीत होतं. तरी घेतलं. दुकानात गर्दी होती, पार्सलमध्ये एका गिऱ्हाइकाचा मदरबोर्ड होता, डोकं दुसरीकडेच होतं. ६,२०० रुपये गेले. बायकोला चार महिन्यांनी सांगितलं.

आता हे एपीके करतं काय ते बघा. प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फाइल म्हणून फोनमध्ये उतरणारं ॲप म्हणजे एपीके. गॅसबिल, वीजबिल, आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, काय वाट्टेल ते नाव त्याला असतं. उघडलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि मग ‘थकीत रक्कम १२ रुपये’ असं एक पान दाखवतं. रक्कम मुद्दाम फुटकळ ठेवलेली असते. बारा रुपयांसाठी कोण चौकशी करत बसतो? त्या पानावर कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, पिन टाकला की तो त्यांच्याकडे पोचतो. मग ओटीपी येतो तो ॲप परस्पर पुढे धाडतं. काउंटरशी उभं राहून ‘अहो, मी कोणालाच ओटीपी सांगितला नाही’ असं रडवेल्या आवाजात म्हणणारी माणसं खरंच बोलत असतात. म्हणूनच ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ एवढ्या एका उपदेशावर आता भागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक काका असाच फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घेऊन आले. स्क्रीनवर आयकॉन कुठेच नाही. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत पार खाली ‘कस्टमर सपोर्ट’ नावाचं एक ॲप सापडलं आणि त्याचं ‘अनइन्स्टॉल’ बटण राखाडी, दाबलं जाईना. त्याने स्वतःला ‘डिव्हाइस ॲडमिन’, म्हणजे फोनचा कारभारीच, करून घेतलं होतं. फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरची ॲप बंद ठेवून, चालू केला, ॲडमिनचा हक्क काढला, स्क्रीन वाचू-दाबू देणारी ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढली, तेव्हा कुठे ते गेलं. पाऊण तास लागला. काका स्टुलावर बसून सारखं विचारत होते, ‘पेन्शनचं खातं याच फोनवर आहे, काही होणार नाही ना?’

तुम्हाला मात्र ही शस्त्रक्रिया करायला सांगणार नाही. फोन टाकून द्यायची गरज नाही, सरळ फॅक्टरी रीसेट मारा, म्हणजे आतलं सगळं पुसून फोन नव्यासारखा करा. त्याआधी सिम बाहेरच ठेवून, वायफाय बंद करून, केबलने फोटो आणि कागदपत्रं लॅपटॉपवर घ्या. डाउनलोडच्या फोल्डरमधली ती एपीके चुकूनही सोबत घेऊ नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप परत आणलात तर त्या चॅटमध्ये फाइल पुन्हा दिसू शकते. तिचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट घ्या, नंबर ब्लॉक करा, मग चॅट पुसा. पैसे गेले नसले तरी अशा नंबरची तक्रार दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरच्या ‘चक्षु’ या सोयीत करता येते. तिथेच बाबांच्या नावावर किती सिम कार्डं चालू आहेत तेही दिसतं, एकदा बघून घ्या.

रीसेट झाला म्हणजे संपलं असं नाही. फोन हे भांडं, खाती आतला माल. रीसेटने भांडं धुतलं गेलं, एवढंच. आईच्या फोनवरून किंवा तुमच्या लॅपटॉपवरून बाबांच्या गुगल खात्याचा पासवर्ड बदला, आणि ‘तुमची डिव्हाइसेस’ या यादीत जे ओळखीचं नाही ते बाहेर काढा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, लावा. लोक बँकेच्या ॲपला जपतात आणि जीमेलला ‘ते काय, मेल तर आहे’ म्हणून सोडून देतात. जीमेल हा किल्ल्यांचा जुडगा आहे. बाकीच्या किती खात्यांचे विसरलेले पासवर्ड तिथेच येतात, आठवून बघा. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी काही असेल तर लॉग आउट करा आणि सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. तो पिन तुम्ही आणि आई दोघींनी लिहून ठेवा, कारण बाबा विसरणार. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग कुठल्या भलत्या नंबरवर लावलेलं नाही ना, तेही पाहा. ओटीपी फोनवरून ऐकवला जातो तेव्हा हेच भोक वापरतात.

अँटिव्हायरसचं लोकांना आवडत नाही असं उत्तर देतो: विकत घेऊ नका. मी विकून कमिशन कमावू शकतो, तरी सांगतोय. अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट ही गुगलची ॲप तपासायची सोय असते, ते चालू आहे का पाहा. ‘अनोळखी ॲप इन्स्टॉल करा’ ही परवानगी व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर या तिघांची बंद करा. बाबांच्या फोनला सिक्युरिटी अपडेट शेवटचं कधी आलं ते बघा. दोन-तीन वर्षांपूर्वी येणं थांबलं असेल तर अँटिव्हायरसचे पैसे नवीन साध्या फोनमध्ये घाला.

हॅकिंग या शब्दाने लोक उगाच घाबरतात. पुणेकरांना ऑगस्ट २०१८ आठवत असेल. गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये काढले, बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून आणि काही रक्कम थेट हाँगकाँगला. ते खरं हॅकिंग, भिंत फोडून केलेलं. बाबांच्या बाबतीत कोणी भिंत फोडली नाही. दारावर थाप मारली, गॅसवाला असल्याचं सांगितलं आणि बाबांनीच कडी काढली. कडी काढणाऱ्यावर अँटिव्हायरस काम करत नाही.

तेव्हा बाबा पुन्हा कडी काढतील हे धरूनच घर लावा. माझ्या दृष्टीने सगळ्या उत्तरातलं महत्त्वाचं काय असेल तर हेच. लोक आई-वडिलांना पन्नास प्रकारच्या फसवणुकीचे व्हिडिओ पाठवतात. एकावन्नावा प्रकार पुढच्या महिन्यात येतो. ओळखण्याच्या परीक्षेत दर वेळी पास व्हावंच लागेल अशी व्यवस्था कोणाच्याच उपयोगाची नाही, माझ्याही नाही. चुकलं तरी थोडक्यात भागेल, अशी हवी.

मंडईत भाजी आणायला जाताना आपण घरातलं सोनं पिशवीत घालून नेत नाही. फोनमध्ये मात्र तेच करतो. पेन्शन, एफडी, बचत, सगळं एकाच खात्यात आणि त्यालाच यूपीआय. बाबांचं दुसरं एक साधं बचत खातं उघडा, यूपीआय फक्त त्याला जोडा, महिन्याचे पंधरा-वीस हजार त्यात ठेवा. दूधवाला, औषधं, रिक्षा, सगळं त्यातून. पेन्शनच्या खात्याचं यूपीआय काढून टाका. त्या खात्याला नेटबँकिंग हवंच असेल तर फक्त शिल्लक बघण्यापुरतं मिळतं का ते शाखेत विचारा, अनेक बँका देतात. एफडीबद्दल खास विचारा: ऑनलाइन मोडता येते का? येत असेल तर ती सोय बंद करून घ्या. मोठ्या रकमा गेलेल्या ज्या माणसांशी मी बोललो, त्यांच्यात बचत खातं रिकामं झालं हे कमी वेळा ऐकलं. एफडी मोडून पैसे गेले, हेच जास्त.

कार्डाच्या बाबतीत, ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा ठरवायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना सक्तीची केली आहे. बाबा दुबईला खरेदी करत नसतील तर परदेशी व्यवहार बंदच ठेवा. आधारचे बायोमेट्रिकही लॉक करता येतात, अंगठा लागेल तेव्हा तेवढ्यापुरते उघडायचे.

ओळखण्याच्या खुणा सांगायच्याच झाल्या तर पटकन सांगतो. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. दहा आकडी साध्या नंबरवरून ‘तुमची वीज तोडू’ आलं तर ते महावितरण नाही. बँकांच्या वेबसाइट आता डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर आल्या आहेत. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. तुमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल आणि कोणी ‘मी लष्करात आहे, पुण्याला बदली झाली, डिपॉझिट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणाला तर तो तुमच्याच खिशात हात घालतोय. हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा, पण त्यावर विसंबू नका.

यातलं काहीच चालत नाही असा एक प्रकार आहे, तो डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर केलेल्या ‘अटके’चा. तिथे फोन ठणठणीत असतो, माणूस ताब्यात घेतलेला असतो. दीड वर्षापूर्वी दुपारी साडेबाराच्या सुमाराला एक बाई दुकानात आल्या. साठीच्या पुढच्या, कॉटनची साडी, खांद्याला शबनम. फोन हातात उभा धरलेला, कॅमेरा स्वतःकडे. मला खुणेनेच सांगितलं, मोबाइल स्टँड आणि पॉवर बँक. मी दाखवायला लागलो तर त्या बोलेनात, नुसती मान हलवत होत्या. पैसे देताना फोन जरा कलला आणि स्क्रीन दिसली: खाकी कपड्यातला माणूस, मागे कसलंसं बोधचिन्ह, आणि त्याचा आवाज, ‘कॅमेरा सीधा रखिए.’

मी बिलाच्या पाठीवर लिहिलं, ‘हे कोण?’ त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्याच हातातलं पेन घेऊन खाली लिहिलं, ‘सीबीआय. बँकेत जायचंय.’ अक्षर सुरेख, शिक्षिकेचं. बँक लक्ष्मी रस्त्यावर, दहा मिनिटांवर. मी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि फ्लाइट मोडवर टाकला. उद्धटपणाच होता तो, पण दुसरं सुचलं नाही. त्या एवढ्या घाबरल्या, की आता मलाही अटक होईल म्हणून माझीच काळजी करायला लागल्या. बसवलं, चहा मागवला. आदल्या सकाळपासून कॉल चालू होता. रात्री झोपतानाही कॅमेरा उशाशी. मुलाला कळवलंत तर त्यालाही आत घेऊ, असं सांगितलेलं. पिशवीत एफडीच्या तीन पावत्या होत्या.

व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूदच आपल्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकलेलं होतं. पण ‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय’ म्हणून कानाशी कोणी दरडावत असतं तेव्हा ऐकलेलं आठवत नाही. उपयोगी पडतो तो दुसरा माणूस. म्हणून त्या टोळ्या पहिलं काम करतात ते माणसाला एकटं पाडायचं. ‘कोणाला सांगू नका’ हे वाक्य आलं की कॉल कापायचा, एवढा एकच नियम बाबांना द्या. पन्नास खुणा नकोत.

आता ती तुमची शेवटची ओळ. बाबांना बोललात, समजू शकतो. पण पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि इथे सगळा खेळ मिनिटांचा आहे. पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवायची. गेलेला पैसा एका खात्यात बसून राहत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तो पुढे पुढे सरकतो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघतो. तक्रार लवकर गेली तर तो मधल्या खात्यात असतानाच गोठवता येतो. फोन करताना व्यवहाराची वेळ, रक्कम, आपली बँक आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक समोर ठेवा. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार दोष ग्राहकाचा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पिन-ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाजेपोटी घालवलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. आणि पैसे गेल्यानंतर ‘आम्ही परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ म्हणणारा वकील किंवा अधिकारी भेटला तर तो त्याच टोळीचा नाहीतर तिच्या भावकीतला.

शिवाय हे म्हाताऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. माझ्या दुकानात आलेल्यांत सगळ्यात मोठी रक्कम घालवलेला हिंजवडीत टीम लीड होता, वय ३४. व्हॉट्सॲपवरचा शेअर ट्रेडिंगचा ग्रुप, त्यातलं एक ॲप, त्यात रोज वाढणारा नफा. पैसे काढायला गेला तर ‘आधी वीस टक्के टॅक्स भरा’. तोही भरला. तुमच्या ऑफिसात असे निघतील, विचारा कधी. सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेल्या ब्रोकरच्या यूपीआय पत्त्यात ऑक्टोबर २०२५ पासून ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो, तेवढं निदान बघत जा.

साधा फोन देऊ नका असं मी म्हणतो ते यासाठी, की डिजिटल अरेस्टचा सापळा साध्या कॉलनेच सुरू होतो, आणि बाबांची नातवाशी व्हिडिओवर होणारी भेट तेवढी जाईल. आज रात्री फोन केलात की आधी फोन बंद केल्याबद्दल त्यांना शाबासकी द्या, मग बँकेचं बोला. आणि एक ठरवून टाका: कुठलाही मेसेज आला, कितीही बावळट प्रश्न वाटला, तरी तुम्हाला पाठवायचा आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात तरी एका शब्दात उत्तर द्यायचं.

त्या शिक्षिकाबाई माझ्याशी असंच करतात. दिवसाला दोन-तीन स्क्रीनशॉट येतात, खाली ‘खरं का?’ एवढंच. बहुतेकांना मी ‘नाही’ लिहून पाठवतो. परवा एक खरा निघाला, त्यांच्या बँकेचाच, केवायसीचा होता. शाखेत जाऊन करून आल्या आणि येताना तो न वापरलेला मोबाइल स्टँड परत देऊन गेल्या.